ज्युरासिक पार्कने म्हणे विज्ञानाची गोडी लावली!

दगडधोंडे

परवा या फोरमवर 'मागच्या_बाकावरचा' यांनी लेख लिहून ज्युरासिक पार्कची आरती ओवाळली. थोडक्यात म्हणणं असं की, १९९४ मध्ये तो सिनेमा हिंदीत डब होऊन आपल्याकडे आला नसता तर आमच्या पिढीला विज्ञान कशाशी खातात हे कळलं नसतं, आणि आज पोरंसोरं डायनासोर म्हणतात ती दिग्दर्शक स्पीलबर्गची कृपा. खाली टाळ्यांचा कडकडाट. तिथेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी एकतीस वर्षं भूशास्त्र शिकवलं. दर जूनमध्ये नव्या पोरांना पहिल्या तासाला विचारायचो, डायनासोरबद्दल काय माहीत आहे? चौऱ्याण्णवनंतर उत्तर ठरलेलं: "सर, आपण हललो नाही तर टी-रेक्सला दिसत नाही." हे धादांत खोटं आहे. पण वर्गातल्या साठ जणांना तेच ठाऊक. म्हणजे मी शून्यापासून नाही, उणे दहापासून सुरुवात करायचो.

व्हेलोसिरॅप्टर हा प्राणी टर्की कोंबड्याएवढा. सिनेमात माणसाच्या उंचीचा. डायलोफोसॉरस विष थुंकायचा याला पुरावा शून्य, गळ्याभोवतीची ती छत्रीही मनाचीच. आणि पिसं! १९९६ मध्ये चीनच्या लिआओनिंगमध्ये अंगभर लव असलेला सिनोसॉरोप्टेरिक्स निघाला. २००७ मध्ये तर खुद्द व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या गाठी दिसल्या. या सिनेमाच्या मालिकेने काय केलं? २००१ मध्ये डोक्यावर चार काड्या खोचल्या, २०१५ मध्ये त्याही उपटल्या, आणि २०२२ मध्ये उपकार केल्यासारखी पायरोरॅप्टर वगैरे मोजक्या प्राण्यांना पिसं दिली. तोवर तिसरी पिढी तुळतुळीत पालीच बघत मोठी झाली.

नावापासूनच बोंब आहे. टी-रेक्स, ट्रायसेराटॉप्स, व्हेलोसिरॅप्टर, सगळे ज्युरासिकच्या नंतरच्या क्रेटेशियस काळातले. ज्युरासिक म्हणायला पहिल्या भागात ब्रॅकिओसॉरस आणि तो थुंक्या.

याला गोडी म्हणतात? मग सर्कशीमुळे प्राणिशास्त्राची गोडी लागते म्हणा.

मागच्या_बाकावरचा

आरोपी हजर आहे.

काका, मी विज्ञान 'कळलं' असं लिहिलंच नव्हतं, 'गोडी लागली' असं लिहिलं होतं. फरक तुम्हाला कळत नसेल तर एकतीस वर्षं वर्गात काय झालं असेल याची कल्पना येते.

मी बारा वर्षांचा होतो. तालुक्याच्या टॉकीजमध्ये पत्र्याच्या खुर्च्या, ढेकूण, मध्यंतरात सोड्याची बाटली. तोवर इंग्रजी सिनेमा म्हणजे मोठ्या भावाने चोरून बघायची गोष्ट. हा पहिला, जो आई, आजी, शेजारचे भजनी मंडळवाले असे सगळे मिळून बघायला गेलो, कारण हिंदीत होता. गाडीत ठेवलेल्या ग्लासातल्या पाण्यावर वर्तुळं उठतात तो प्रसंग आला आणि आजीने माझा हात असा धरला की नखं रुतली. रात्री शेवटच्या एस.टी.ने परतताना खिडक्यांच्या काचा थडथडत होत्या आणि अख्ख्या गाडीत एकही पोरगं झोपलं नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या वाचनालयात गेलो. प्राण्यांवर एकच पुस्तक होतं, त्यातही सशापलीकडे काही नव्हतं. तरी गेलो ना? त्याआधी मी त्या खोलीत फक्त शिक्षा म्हणून झाडू मारायला गेलो होतो.

दगडधोंडे

आणि गोडी लागून पुढे आपण काय झालात?

मागच्या_बाकावरचा

बँकेत आहे. पण तुमच्यासारखं तोंड करून बसत नाही.

काना_मात्रा

मूळ प्रश्न कुणीच विचारत नाही. हिंदीतच का? महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये मराठी आजी हिंदीत डायनासोर बघते आणि आपण त्यावर अश्रू ढाळतो. मराठीत आवाज देणारे कमी होते का? रंगभूमी ओस पडली होती का?

आणि "विज्ञान कळलं नसतं" म्हणजे काय? नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवली होती. नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून. स्पीलबर्गच्या वीस वर्षं आधी इथे हे चालू होतं. तुम्ही वाचलं नाही हा तुमचा दोष.

ता.क. 'महासरट' असा चांगला मराठी शब्द असताना इथे सगळे डायनासोर, डायनोसॉर, डायनॉसॉर असं वाटेल ते लिहीत आहेत. निदान एक काहीतरी ठरवा.

आगाऊ_कार्टं

महासरट पार्क. तिकीट खिडकीवर शुकशुकाट.

तिखट_शेव

गोडी-बिडी मला माहीत नाही, मी त्रासलेली आई आहे. माझा सहा वर्षांचा मुलगा 'पॅकिसेफॅलोसॉरस' न अडखळता म्हणतो, आणि एकोणसत्तर म्हणजे किती विचारलं की माझ्या तोंडाकडे बघतो. चादरी डायनासोरच्या, डबा डायनासोरचा, वाढदिवसाचा केक हिरवा, जो खाऊन सगळ्यांच्या जिभा दोन दिवस हिरव्या होत्या. मूळ सिनेमा त्याने पाहिलेलाही नाही! मी दाखवत नाही, घाबरेल म्हणून. संस्कृतीवर परिणाम म्हणतात तो हाच असेल, तर मला त्याचा धुण्याचा खर्च द्या.

दगडधोंडे काका, पिसांचं मात्र त्याला माहीत आहे हं. परवा कोंबडीवाल्याला सांगत होता, हा डायनासोरच आहे. त्याने पाव किलो जास्त दिलं.

रात्रपाळी

व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमातली खोटी दृश्यं खरी वाटायला लावण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे माझं पोट याच सिनेमावर. लोकांना वाटतं सगळं संगणकावर केलं. पडद्यावर डायनासोर दिसतात ती एकूण पंधराएक मिनिटं, आणि त्यात संगणकावरची जेमतेम सहा. बाकी स्टॅन विन्स्टनच्या माणसांनी बांधलेली धुडं. पावसाच्या प्रसंगात टी-रेक्सच्या रबरी कातडीत पाणी मुरायचं आणि ते धूड थंडी भरल्यासारखं लटलटायचं. मग टॉवेल घेऊन माणसं त्याला पुसत बसायची. आणि तो ग्लास! डॅशबोर्डखाली गिटारची तार बांधून खालून छेडली होती. एका तारेने मागच्या_बाकावरचा यांच्या आजीची नखं रुतवली.

फिल टिपेट हा बाहुल्या एकेक चौकट हलवून जिवंत करणारा कारागीर. हे काम त्याचं होतं. संगणकावरची चाचणी बघून तो म्हणाला, मी नामशेष झालो. स्पीलबर्गने ते वाक्य उचलून सिनेमातच घातलं. पण त्याला हाकललं नाही हे महत्त्वाचं, डायनासोर चालतात कसे हे सांगायला त्यालाच ठेवलं आणि ऑस्करही मिळालं. आम्हाला? मागच्या वर्षी एका स्टुडिओने (नाव घेत नाही, पैसे अजून यायचेत) एका परदेशी मालिकेसाठी आमच्याकडून नऊ आठवडे रात्री जागवून घेतल्या. मी एका राक्षसाच्या नाकपुड्या केल्या. फक्त नाकपुड्या. मग सांगितलं, प्रसंग कापला. आता ए.आय. येतंय म्हणे. आमचं वाक्य कोण सिनेमात घालणार?

आगाऊ_कार्टं

नाकपुड्यांचा फोटो टाक ना.

रात्रपाळी

करार आहे. नाकपुड्यांचाही.

दगडधोंडे

विषय भरकटतोय. मी परिणामाबद्दल बोलतोय. १९९७ मध्ये 'सू' नावाचा टी-रेक्सचा सांगाडा लिलावात ८३ लाख डॉलरच्या वर गेला. शिकागोच्या फील्ड म्युझियमला तो घ्यायला मॅकडोनल्ड्स आणि डिस्नेचे पैसे लागले. २०२० मध्ये 'स्टॅन' नावाचा दुसरा टी-रेक्स ३ कोटी १८ लाख डॉलरला. २०२४ मध्ये एक स्टेगोसॉरस ४ कोटी ४६ लाख डॉलरला. संग्रहालयांनी काय करायचं? दिवाणखान्यात सांगाडा उभा करायची हौस श्रीमंतांना कुठून आली?

मागच्या_बाकावरचा

श्रीमंतांना हौस स्पीलबर्गने शिकवली होय! त्याआधी ते वाघाची कातडी भिंतीवर लावत होते ती कुठल्या सिनेमामुळे?

आणि एक सांगा. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्या अमेरिकन कंपनीने नामशेष झालेला 'डायर वुल्फ' लांडगा परत आणला म्हणून डंका पिटला. खरं म्हणजे करड्या लांडग्याच्या जनुकांत वीस बदल केले होते. तेव्हा आमच्या बँकेतला शिपाई मला म्हणाला, "साहेब, हे ज्युरासिक पार्कसारखंच होणार, बघा." त्याला जनुक म्हणजे काय ते येत नाही. पण करता येतं म्हणून करावं का, हा प्रश्न त्याला पडला. तो तुमच्या एकतीस वर्षांतून पडला नाही, त्या सिनेमातून पडला.

दगडधोंडे

शिपायाचा मुद्दा चांगला आहे. तुमचा नाही.

वावरातली

मी फक्त वाचत असते, पण आज राहवत नाही.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याकडची. आमच्या तालुक्यात पिसदुरा म्हणून गाव आहे, जवळच डोंगरगाव. तिथे खरे डायनासोर निघाले. सिनेमातले नाही, खरे. माझ्या मामाचं वावर त्याच शिवारात. पाऊस पडून गेला की काळ्या मातीतून गोटे वर येतात, मुठीएवढे, राखाडी, मधे दाबल्यासारखे, कणकेचा उंडा वळून अर्धवट सोडला तर दिसेल तसे. आम्ही लहानपणी त्यांनी लगोरी खेळलो. ते डायनासोरचं शेण आहे, दगड झालेलं, हे मला पुण्यात नोकरीला आल्यावर कळलं. कुणाकडून? ऑफिसातल्या एका पोरीकडून. आणि तिला पिसदुरा माहीत होतं का, तर तिला ज्युरासिक पार्क आवडतं म्हणून शोधत शोधत ती तिथवर पोचली होती.

त्या सिनेमात शेणाचा मोठा ढीग दाखवलाय, बाई खांद्यापर्यंत हात घालते त्यात. सगळ्यांना तो आठवतो. आमचं शेण कोणाले माहीत हाय?

सहावीत असताना मी त्यातला एक गोटा शाळेत नेला होता. वेगळा दिसतो म्हणून. सरांनी वर्गाला दाखवून म्हटलं, "पाहा, हिने घरून दगड आणला, डोक्यातला संपला वाटते." पूर्ण वर्ग हसला. शाळेचं नाव सांगत नाही, सर आता नाहीत.

तिखट_शेव

बाई गं. माझ्या मुलाला हे सांगितलं, तो म्हणतोय आत्ता जायचं. आत्ता.

दगडधोंडे

'वावरातली', तुमचा प्रतिसाद या धाग्यातला एकमेव कामाचा आहे. जरा भर घालतो.

पिसदुऱ्याची हाडं पहिल्यांदा गोळा केली ती हिस्लॉपने, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाचं तो. एकोणिसाव्या शतकात. या शेणगोट्यांवर मॅटली या भूशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये लेख लिहिला, तेव्हा हा भाग मध्य प्रांतात होता. डोंगरगावचा सांगाडा १९८० च्या दशकात खणला, १९९७ मध्ये जैन आणि बंदोपाध्याय यांनी त्याचं वर्णन छापलं, २००३ पासून त्याचं नाव इसिसॉरस. 'इसि' म्हणजे आय.एस.आय., कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट.

आणि खरा ज्युरासिक हवा असेल तर प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातला बारापासॉरस घ्या. बारा पा, म्हणजे बंगालीत मोठा पाय. नावात पुढे 'टागोराय' जोडलं, कारण उत्खनन सुरू झालं ते रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष होतं. सांगाडा कोलकात्यात उभा आहे.

मात्र एक विनंती. शिवारातले गोटे कृपया कुणी उचलून घरी नेऊ नयेत. कुठल्या थरातून आला याची नोंद गेली की त्याचा दगडच होतो. ग्रामस्थांच्या अज्ञानामुळे आपल्याकडे फार नुकसान झालं आहे.

वावरातली

अज्ञान?

सर, लोक येतात, जीपमधून उतरतात, पोत्यात भरून नेतात. ना नाव सांगत, ना परत येत. मामानं एकाला चहा पाजला, विचारलं हे काय आहे, तो म्हणाला "अभ्यासासाठी." बस. तुम्ही पोतं नेलं तर संशोधन, आम्ही एक गोटा ठेवला तर नुकसान? ज्याच्या वावरातून नेलं त्याला एक कागद तरी कोणी वाचून दाखवला का?

मागच्या_बाकावरचा

स्पीलबर्गने निदान तिकीट काढून दाखवलं होतं, काका.

आगाऊ_कार्टं

गुजरातने बालासिनोरजवळ रैयोलीला डायनासोर पार्क केलं, म्युझियम केलं, लोक सहली काढून जातात. आपण फक्त बारशाची नावं सांगतोय.

काना_मात्रा

झालं, गुजरात आलं. आता धागा दोनशेवर जाणार. इसिसॉरस चंद्रपूरचा, नाव कोलकात्याचं, आणि कौतुक बालासिनोरचं! गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे, ते किती जणांनी पाहिलंय, हात वर करा.

आगाऊ_कार्टं

तुम्ही पाहिलंय?

काना_मात्रा

मुद्दा तो नाही.

रात्रपाळी

एक प्रामाणिक शंका. त्या शेणात एवढं काय आहे? म्हणजे शेण ते शेण.

दगडधोंडे

'वावरातली' यांचा राग वाजवी आहे, त्यावर नंतर लिहितो. आधी शेण.

त्या गोट्याची बारीक पूड करून आम्लात घालतात आणि जे उरतं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. गवताच्या पेशींत सिलिकाचे बारीक कण तयार होतात, गवताच्या गटागणिक त्यांचे आकार वेगळे. गवत कुजतं, कण राहतात. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की पिसदुऱ्याच्या शेणात गवताचे हे कण आहेत, तेही एका नाही, अनेक प्रकारच्या गवतांचे. बहुधा टायटॅनोसॉर गटातल्या, म्हणजे लांब मानेच्या अवाढव्य शाकाहारी डायनासोरांचं ते शेण. तोवर आम्ही काय शिकवत होतो? गवत आलं ते डायनासोर गेल्यावर. २०११ मध्ये त्याच मंडळींनी पुढचं दाखवलं: त्यातलं काही गवत भाताच्या गणगोतातलं होतं.

वावरातली

धान?

दगडधोंडे

धान नव्हे, त्याचे फार जुने भाऊबंद. पण हो.

वावरातली

माझं सासर ब्रह्मपुरीकडचं आहे सर. धानाचं. सासऱ्यांना सांगते, तुमच्या आधी डायनासोर खाऊन गेले.

मागच्या_बाकावरचा

एक मिनिट, एक मिनिट. काका, दुसऱ्या भागात उंच गवतातून माणसं पळतात आणि गवतातूनच व्हेलोसिरॅप्टर येतात, तो प्रसंग आठवतो? परवाच्या माझ्या लेखाखाली तुम्हीच लिहिलं होतं की "डायनासोरच्या काळात गवतच नव्हतं, हे शाळकरी पोरालाही कळावं." आत्ता तुमच्याच हाताने लिहिलंत की होतं. २००५ पासून माहीत आहे. म्हणजे शाळकरी पोर, स्पीलबर्ग आणि वरोऱ्याचं शेण एका बाजूला, आणि आपण एका बाजूला.

दगडधोंडे

तो प्रतिसाद घाईत लिहिला होता. सिनेमातले प्राणी आजच्या बेटावर फिरतात, तेव्हा तिथे आजचंच गवत असणार, त्यामुळे तुमचा युक्तिवादही लंगडाच आहे. शिवाय गवत होतं म्हणजे माळरानं होती असं नाही, ती फार पुढची.

तरी, गवताबद्दल मी चुकीचं लिहिलं. मान्य.

आगाऊ_कार्टं

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे. फ्रेम करणार.

तिखट_शेव

काका, तुमच्याच न्यायाने बोलायचं तर तुमचे एकतीस वर्षांचे विद्यार्थी "गवत नव्हतं" घेऊन बाहेर पडले, आणि आम्ही "हललो नाही तर दिसत नाही" घेऊन. दोघांनाही नंतर कुणीतरी दुरुस्त करावं लागलं. आमच्याकडे निदान पॉपकॉर्न होतं.

दगडधोंडे

पाठ्यपुस्तक चुकतं तेव्हा पुढच्या आवृत्तीत बदलतात. पिसं सापडून तीस वर्षं होत आली, तुमचा सिनेमा अजून टक्कलच विकतोय. हा फरक मी सोडणार नाही.

'वावरातली', तुमच्या पोत्याच्या गोष्टीवर दोन दिवस विचार करतोय. १९८८ च्या हिवाळ्यात मीही मुलांची सहल घेऊन त्या भागात आलो होतो. एका शेतकऱ्याने विहिरीचं पाणी दिलं, बैलगाडीतून सामान रस्त्यापर्यंत पोचवलं. त्याला आम्ही काय सांगितलं, ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. नमुने आमच्या विभागाच्या कपाटात गेले, पुढे विभाग हलला, कपाट कुठे आहे ते मला ठाऊक नाही. आता तुम्ही नोंदीबद्दल विचाराल, म्हणून आधीच सांगतो: नोंदवहीही त्याच कपाटात होती.

सिनेमाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तुमच्या ऑफिसातल्या त्या मुलीला मात्र माझा नमस्कार सांगा. ती मला अपवाद वाटते.

मागच्या_बाकावरचा

अपवाद! काका, जीव गेला तरी चालेल, पण...

वावरातली

सांगते. ती म्हणेल अपवाद कायचा, आमचा बारा जणींचा ग्रुप आहे.

सर, तो शाळेतला गोटा अजून आहे. मामी लोणच्याच्या बरणीत कैरीच्या फोडी दाबायला, फडक्यात गुंडाळून, वरून ठेवते. वजन बरोबर बसतं म्हणते. मी सांगितलं हे शेण आहे, तर म्हणाली, शेणानं कधी काही बिघडलं का?

वावरातली जागा मामाला पक्की आठवते, विहिरीपासून धुऱ्याच्या बाजूला, पळसाखाली. वहीत लिहून घ्यायचं असेल तर या. कापूस वेचून होऊ द्या, मग या. जीप रस्त्यावरच ठेवा, आणि पोतं आणू नका.